कानातला प्रॉम्प्टर

आमच्या वडशात हिवाळा थंडीनं येत नाही, जीपवरच्या भोंग्यानं येतो. धान पिवळं पडू लागलं की नाटकांच्या जाहिराती सुरू होतात. कौटुंबिक, सामाजिक, हृदयाला पीळ पाडणारं असं काही ना काही ओरडत जीप गल्लीतून जाते आणि तिच्यामागे धूळ घरात येते. परवा ती अशीच गेली. मी अंगणात सूप घेऊन बसले होते. भोंगेवाल्यानं माझं नाव घेतलं, दरवर्षी घेतो तसंच, "आणि आपल्या सर्वांना ढसाढसा रडवणाऱ्या कुंदाबाई". मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. आपल्या नावाची जाहिरात दारावरून जाते तेव्हा काय वाटायला हवं, हे मला आठवत नव्हतं.

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या धानाच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत आई असते. पहिल्यांदा आई झाले तेव्हा बाविशीत होते आणि माझा मुलगा झालेला नट माझ्याहून चांगला थोराड होता. तेव्हापासून मी विधवा झाले, घराबाहेर काढली गेले, मुलांनी ओळख न दिलेली म्हातारी झाले, आणि प्रत्येक वेळी रडले. खरं रडले. डोळ्यांत काही न घालता. नाटकाला यायच्या बाया घरून निघतानाच डोळे पुसायला पदर मोकळा ठेवून निघायच्या. आता सांगायला हरकत नाही, त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. प्रॉम्प्टरचा आवाज कानात पडला की डोळ्यांना पाणी यायचं, एवढंच. नळ सोडावा तसं.

प्रॉम्प्टर म्हणजे आमचे डोमाजीभाऊ. विंगेत पाटावर बसलेले, गळ्यात मफलर, मांडीवर संहिता. आमच्याकडे तालमीला वेळ कुठला? आज हे नाटक, उद्या दुसऱ्या गावी दुसरं. डोमाजीभाऊ वाक्य पुढे टाकतात आणि आम्ही ते उचलतो. त्यांचा आवाज ही एक गंमतच आहे. तो रंगमंचापर्यंत येतो आणि तिथंच थांबतो, पहिल्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जात नाही. एकदा एटापल्लीकडे प्रयोगात वीज गेली. जनरेटरही रुसलेला. लोक उठतील असं वाटलं, पण अंधारात डोमाजीभाऊ सांगत राहिले, आम्ही बोलत राहिलो आणि लोक बसून ऐकत राहिले. दिवे आले तेव्हा कळलं, मी तोंड भलतीकडेच करून मरत होते.

इतकी वर्षं असं काम केलं की कानातून आलेलं थेट तोंडातून जातं. मध्ये कुठं थांबत नाही. याची मला शरम नव्हती, उलट ऐटच होती. आणि एक रीत होती. पडदा वर जाण्याआधी डोमाजीभाऊ मला माझा पहिला शब्द सांगत. तो मला पाठ असला तरी सांगत. पुढचा प्रवेश मग कसाही जावो.

शेवंता माझी धाकटी जाऊ. नाटक आमच्या गावाजवळ असलं की ती हटकून पुढे बसायची आणि मी रडले की हसायची. सगळा मंडप नाक पुसतोय आणि ही एकटी पदर तोंडात कोंबून हसतेय. घरी आल्यावर म्हणायची, "कांदा कापतानी तुह्या डोळ्याले पानी येत नाई, न तिथी कशी गंगा वाह्यते वो, बाई?" मी चिडायचे. मी रंगमंचावरून तिच्याकडे बघायचं टाळायचे, कारण बघितलं असतं तर मेलेल्या नवऱ्याच्या उशाशी मलाही हसू फुटलं असतं.

दोन हंगामांमागे धानाच्या कापणीत शेवंता गेली. आमच्याकडे धानाच्या शेताच्या चौकोनाला बांधी म्हणतात. चारी बाजूंनी धुरा म्हणजे मातीचा बांध, मध्ये चिखल, मग पाणी, मग धान, मग पुन्हा कोरडी भेगाळलेली जमीन. त्या आमच्या बांधीत आम्ही बाया रांगेनं वाकून कापत होतो. शेवंता रांगेच्या टोकाला, नाल्याच्या बाजूला. रांग पुढे गेली. ती मागे राहिली तेव्हा आम्हाला वाटलं, पेंढी बांधत असेल. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं नंतर सगळे समजावून सांगत होते.

तेराव्याला बाया जेवण झाल्यावरही बसून राहिल्या. त्या कशासाठी थांबल्या आहेत ते मला कळत होतं. जी परक्याच्या कागदावरच्या पोरासाठी रडते, ती आपल्या जावेसाठी कशी रडेल, हे त्यांना बघायचं होतं. मी उष्टी काढली, भांडी घासली, शेवंताच्या लेकीची, मंदाची, वेणी घातली. डोळे कोरडे. बाया उठून गेल्या.

त्या हंगामात मी नाटकांतही रडू शकले नाही. डोमाजीभाऊंचा आवाज कानात पडायचा, शब्द तोंडातून जायचे, नळ मात्र बंद. मग इतर नट्या घालतात ते ग्लिसरीन मीही घालू लागले. लोकांना काही फरक पडला नाही. डोमाजीभाऊंना कळलं. ते माझ्या रडण्याच्या वाक्यांआधी थोडं थांबून सांगायला लागले.

शेवंता बांधीत गेली, बातम्यांत मात्र आलं, "जंगलात गेलेल्या महिलेचा मृत्यू." मग सगळीकडे तेच. बाजारात, बसमध्ये, लग्नात. "जंगलात कायले गेली होती बाई?" कोणी म्हणे सरपणाला, कोणी म्हणे लाकूड चोरायला. आमदारसाहेबांनी सभेत हात जोडले, "माझ्या माताभगिनींनो, जंगलात जाऊ नका." टाळ्या पडल्या. ज्या मातीत आम्ही गुडघ्याएवढ्या चिखलात उभं राहून रोवणी केली, ती एका वाक्यात जंगल होऊन गेली आणि शेवंता चोर.

गेल्या वर्षी, नाटकांच्या ऐन हंगामात, विधानसभेची निवडणूक आली. गावच्या बाया माझ्याकडे आल्या. "कुंदाबाई, तुह्या आवाज मागच्या रांगेपर्यंत जाते. तू उभी राह्य. निवडून येजो का नाई येजो, पन शेवंता कुठी होती थे सांग." मी हो म्हटलं. धाडस वगैरे काही नव्हतं. त्या दिवसांत मला कोणी जेव म्हटलं तर मी जेवायचे, झोप म्हटलं तर झोपायचे. उभी राहा म्हटलं, राहिले. अपक्ष. चिन्ह मिळालं कपबशी. ज्या घरी प्रचाराला जाऊ तिथं लोक चहा पाजून म्हणायचे, "झाला तुमचा प्रचार." आमची शेती तेवढ्या हंगामापुरती दुसऱ्यांच्या हवाली केली. बांधीकडे मी फिरकले नव्हते.

मग एका वाहिनीनं ठरवलं, आमच्या मतदारसंघाची चर्चा थेट दाखवायची. प्रश्न विचारणारी सूत्रधार बाई मुंबईत बसणार, आम्ही चार उमेदवार इथं. जागा कोणती? तर आमचाच नाटकाचा मंडप, संध्याकाळपुरता. आमच्या राजवाड्याचा रंगवलेला पडदा त्यांना फार आवडला. तो त्यांनी मागे राहू दिला आणि पुढे चार खुर्च्या मांडल्या. नाटकात त्या पडद्यापुढे राजा उभा राहतो. आज चौघंही राजे होऊ बघत होतो.

माझ्याच रंगपटात, माझ्याच आरशासमोर मला बसवलं. आरशाच्या कडेला कोणीतरी कधीचं चिकटवलेलं टिकल्यांचं पाकीट तसंच होतं. पण दाराला नवी पाटी, "पाहुणे". त्यांचा रंगभूषावाला पोरगा नाकावर पावडर फिरवत म्हणाला, "ताई, पहिलीच वेळ ना? वाटत नाही तुम्ही घाबरलात." मी घाबरले नव्हते. तेच तर. दाढ काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला असूनही आपला राहत नाही, तशी सगळी मीच झाले होते. बाहेर लोक जमत होते. रोज ज्या आवाजानं मी पदर सावरून उठायचे, तो खुर्च्या सरकवण्याचा, पोरांना हाका मारण्याचा आवाज मी ऐकत होते आणि तशीच बसून होते.

बाकीचे तिघे मात्र जिवंत होते. एकजण भिंतीकडे तोंड करून हात हलवत बोलत होता. एकजण पाण्याच्या बाटलीचं झाकण लावायचा, काढायचा, लावायचा. आमदारसाहेब मोबाइलच्या काचेत केस बघत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "कुंदाबाई, आमची मंडळी तुमचं नाटक पाहून दोन दिवस जेवत नाही. आज आम्हाले नोका रडवजो." सगळे हसले. मीही हसले असेन. समोर आरसा होता, पण बघितलं नाही.

मुंबईहून आलेली एक पोरगी धावपळ करत होती. डोक्यावर यंत्र, हातात कागद, वयानं आमच्या मंदाहून जरा मोठी. वाईट नव्हती. माझ्या पदराला माइक लावताना तिनं "लावू ना?" असं दोनदा विचारलं. मग खाली बसून हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या जाऊबाईंचा विषय आला ना, की मनात येईल ते येऊ द्या. थांबवू नका. आम्ही कॅमेरा जवळ ठेवू."

म्हणजे इथंही तेच. मी म्हटलं, "हो."

तिनं माझ्या कानात एक मऊ बोंड बसवलं. "यातून तुम्हाला मुंबईचं ऐकू येईल. आता एकदा तपासू." ती दूर गेली आणि कानात आवाज आला, "ताई, एक दोन तीन बोला."

मी खणखणीत म्हटलं, "ताई, एक दोन तीन बोला."

रंगपटात हशा पिकला. पोरगीही हसली. तिला वाटलं, मी थट्टा केली. मी थट्टा केली नव्हती. माझ्या लक्षात आलं की असं होतंय, पण काळजी करायला जो माणूस आत लागतो तो घरी नव्हता.

तेवढ्यात डोमाजीभाऊ आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मफलर, धुतलेला सदरा, हातात संहिता नाही म्हणून हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. माझ्यासमोर उभं राहून म्हणाले, "पयला शब्द कोनता?"

"बांधी," मी म्हटलं.

"बस. बाकी तुह्यं तुले येते."

"नाई येत, भाऊ," मी म्हटलं. "मले काईच होऊन नाई राह्यलं. इथी आत काईच नाई."

त्यांनी मफलर सारखा केला. मग म्हणाले, "मी विंगेत आहो." पण विंगेत वाहिनीच्या तारा होत्या. पहारेकऱ्यानं त्यांना दोरीपलीकडे नेलं. ज्या विंगेत त्यांनी अर्धं आयुष्य काढलं, तिथून ते निमूट गेले.

दिवे लागले. आमदारसाहेब आधी बोलले, वाघांची संख्या आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे असं बोलले, मग हात जोडून जंगलात जाऊ नका असंही बोलले. आणि कानात मुंबईच्या बाईचा गोड आवाज आला, "कुंदाताई, तुमच्या जाऊबाई जंगलात गेल्या होत्या. काय झालं त्या दिवशी?"

कॅमेरा जवळ आला. मंडपात शांतता. ही शांतता मला माहीत आहे, इथं मी रडते. माझा पहिला शब्द मला माहीत होता आणि तो तोंडात नव्हता. मी कान लावून बसले. सवयीनं. कोणीतरी सांगेल म्हणून.

आणि कोणीतरी सांगितलं. कानात एक पुरुषाचा घाईचा आवाज आला. तिकडे कोणाचं तरी बटण दाबलेलं राहिलं असणार. तो म्हणाला, "बाई रडत नाही. पुढे चला."

आणि मी, मागच्या रांगेपर्यंत जाणाऱ्या माझ्या आवाजात, थेट प्रक्षेपणात, म्हटलं, "बाई रडत नाही. पुढे चला."

आधी कोणाला काही कळलं नाही. मग आमदारसाहेब हसले आणि त्यांच्यामागे पुढच्या दोन रांगा हसल्या. मुंबईची बाई म्हणाली, "म्हणजे, ताई?" कानात दोन-तीन आवाज एकमेकांवर पडू लागले. मी ते बोंड कानातून काढून मांडीवर ठेवलं. लोक नंतर म्हणाले, बाईनं कशी हिंमत केली. हिंमत नाही. त्या गलक्यात मला माझा शब्द ऐकू येईना, म्हणून काढलं.

आणि मग तो ऐकू आला. दोरीपलीकडून, पहारेकऱ्याच्या खांद्यामागून, रंगमंचापर्यंत येऊन तिथंच थांबणारा आवाज. "बांधी."

"बांधीत होती शेवंता," मी म्हटलं. "जंगलात नाई. तिनंच रोवलेलं धान होतं, थेच कापून राह्यली होती. वाकून होती. धान उभ्यानं कापता येत नाई, साहेब. वाघ आमच्या बांधीत आला. आमी त्याच्या जंगलात नाई गेलो. तिले चोर म्हनू नका."

एवढंच. हे कोणी लिहून दिलं नव्हतं आणि पहिल्या शब्दापुढे कोणी सांगितलंही नव्हतं. डोळे कोरडे होते. मंडपात कोणी हसत नव्हतं. पोरगी खुणा करत होती, बोंड कानात घाला, घाला. मग म्हणे छोटी विश्रांती घेतली.

नंतर ती पोरगी रंगपटात आली. तिचे डोळे लाल होते. "सॉरी ताई. ते तुमच्यासाठी नव्हतं."

"माझ्याबद्दलच होतं ना?" मी म्हटलं. तिनं मान डोलावली. माइक काढताना तिला पिन सुटेना, तेव्हा मीच ती सोडवून दिली.

निवडणूक मी हरले, चांगलीच हरले. वाहिनीनं आणि लोकांनी मोबाइलवर फिरवला तो तुकडा माझ्या पहिल्या वाक्याचा. त्यापुढचं कापलेलं. काही दिवस पोरं मला बघून म्हणायची, "बाई रडत नाही, पुढे चला." मला राग यायला हवा होता. पण त्या संध्याकाळी मंडपात बसलेली माणसं गावोगावची होती. त्यांनी पुढचंही ऐकलं होतं. महिन्याभरानं ब्रह्मपुरीच्या बाजारात एक अनोळखी बाई माझ्याजवळ आली, दुकानदाराला म्हणाली, "हे बांधीतल्या शेवंताची जाऊ होये." दुकानदारानं हात जोडले. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले. आमच्या भागात आता शेवंताला जंगलातली कोणी म्हणत नाही.

आणि यंदा शेती परत आमच्याकडे आली. कापणीला मी जाते, असं मी घरात सांगितलं. मंदानं दोन विळ्यांना धार लावली.

सकाळी बांधीवर गेले. तोच धुरा, तोच नाला, आता पलीकडे वाघाच्या इशाऱ्यासाठी कोणीतरी बांधलेलं लाल फडकं. पिकलेल्या धानाचा वास, थोडा भाताच्या पेजेचा, थोडा धुळीचा. बायांनी रांग धरली. मी टोकाला उभी राहिले. मंदा म्हणाली, "मोठी आई, मंधात ये." मी गेले नाही. वाकले. कापायला लागलो. उन्हं चढली, कमरा दुखू लागल्या, रांग सुस्तावली. तेव्हा मधली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून ओरडली, "का वो, थकल्या का? बाई रडत नाई, पुढं चला."

आणि सगळ्या हसल्या आणि भराभर कापू लागल्या. मला वाटलं, मला बघून थट्टा केली. मंदा म्हणाली, "नाई वो, मोठी आई. गेल्या वर्षापासून अशेच म्हनतेत. रोवनीतई म्हनत होते. समदेच गाव म्हनतेत."

कुठल्या त्या मुंबईतल्या माणसाला मी कंटाळवाणी वाटले, आणि त्याचं वाक्य इथं बायांच्या कमरा सरळ करत होतं. शेवंता असती तर पदर तोंडात कोंबून हसली असती. मला तिचं ते हसू दिसलं, पहिल्या रांगेतलं, मी रडत असतानाचं. मी हातातलं धान मुठीत धरून तशीच वाकलेली राहिले. पाणी विळ्यावर पडलं तेव्हा मला आधी कळलंच नाही ते कशाचं आहे. कोणी काही सांगितलं नव्हतं. कानात कोणीच नव्हतं.

रांग पुढे निघाली होती. मंदानं मागे वळून पाहिलं आणि विळा खाली टाकला.

"थांबा वो," ती म्हणाली. "बाई रडून राह्यली."

सगळी रांग थांबली.